पंच्याहत्तर टक्क्यांची चाळण



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत एक हंगाम येतो. सत्काराचा हंगाम. समाजमंदिरापुढं मंडप पडतो. फुले, शाहू, आंबेडकरांच्या फोटोंना हार चढतात. डिजिटल फलकावर गुणवंत पोरापोरींचे फोटो बोटाएवढे आणि भाऊ, दादा, साहेब यांचे फोटो दाराएवढे. पाहुणे दोन तास उशिरा येतात, वाघिणीच्या दुधाची गोष्ट सांगतात आणि ते दूध कुणी आणून द्यायचं हे न सांगता गाडीत बसतात. पोराच्या हातात एक ट्रॉफी राहते. प्लास्टिकची, सोनेरी रंगाची.

मला या हंगामाशी भांडायचंय. पोरांशी नाही, त्यांच्या मार्कांशी तर अजिबात नाही. आठ-दहा माणसांच्या एका खोलीत, टीव्हीच्या आवाजात अभ्यास करून जी पोरगी पंच्याऐंशी टक्के काढते तिच्या पुढं मी मान वाकवतो. माझं भांडण आहे ते त्या टाळीशी, जी वाजते आणि संपते. बक्षिसाची किंमत काय, हे बक्षिसाच्या दिवशी कळत नाही. ते कळतं दिवाळीत, जेव्हा अकरावीचा पोरगा कॉलेजात असतो किंवा कंत्राटदाराच्या दारात असतो.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका सूतगिरणीत, रिंग खात्यात काम करतो. कंत्राटी. पंचतारांकित हे नाव वसाहतीचं आहे, आमचं नाही. पाच तारे कारखानदारांच्या सोयींसाठी मोजलेत. रस्ता, वीज, पाणी. आमच्या वाट्याला गेटपास. पहाटे पाळीला सांगाव, तळंदगे, हुपरी, पट्टणकोडोलीकडून सायकली, फटफट्या, वडापच्या गाड्या गेटावर येतात तेव्हा त्या गर्दीकडं एकदा नीट बघा. तिच्यात दहावीचे सत्कारमूर्ती भरपूर सापडतील. मीही त्यातलाच एक. मला ६१ टक्के पडले. समाजाच्या मंडळानं भिंतीवरचं घड्याळ दिलं. अकरावी सायन्सला नाव घातलं, सहामाहीपर्यंत गेलो. गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीत ६१ बसत नव्हते. सरसकट शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या टेबलावर पडून राहिला. घरात आजारपण आलं आणि मी गेटावर आलो. घड्याळ अजून चालतंय. ते मला पाळीची वेळ दाखवतं.

आता मुद्द्यावर येतो.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती नावाची एक योजना महाराष्ट्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याची आहे. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्याला दहावीत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण आहेत आणि जो अकरावी-बारावीत शिकतोय, त्याच्यासाठी. म्हणजे हायस्कुलातल्या कर्तबगारीचं बक्षीस, पुढच्या कॉलेजाला बांधलेलं. कल्पना उत्तम आहे. आमच्या मंडळांच्या ट्रॉफीपेक्षा शंभर पटीनं उत्तम, कारण इथं टाळीच्या पुढं काहीतरी आहे. आता रक्कम ऐका. महाडीबीटीवर मी स्वतः वाचली. महिन्याला ३०० रुपये. वर्षाचे दहा महिने. वर्षाला ३,०००.

तीनशे भागिले तीस. रोजचे दहा रुपये. कॉलेजच्या कँटीनचा एक चहा. माझी कंत्राटी हजेरी एका पाळीला याच्यावर पडते. म्हणजे महिनाभराच्या गुणवत्तेला सरकार माझ्यासारख्या हंगामी कामगाराच्या एका पाळीएवढंही मोल देत नाही. वर दहाच महिने. उरलेल्या दोन महिन्यांत गुणवत्ता जेवत नसावी.

कुणी म्हणेल, गड्या, काहीच नसण्यापेक्षा तीन हजार बरे. बरेच आहेत. ज्याच्या हक्काचे आहेत त्यानं अर्ज भरावा, एक रुपया सोडू नये. पण तीन हजार घेणं वेगळं आणि तीन हजारांत गप्प बसणं वेगळं. या शिष्यवृत्तीत मला दोन गाठी दिसतात. एक गाठ कॉलेजशी आहे, ती सैल. दुसरी गाठ टक्क्यांशी आहे, ती घट्ट. माझं म्हणणं एवढंच की हे उलटं करा. कॉलेजची गाठ घट्ट बांधा, टक्क्यांची सोडा.

का, ते बाबासाहेबांच्याच मॅट्रिकवरून सांगतो. ही गोष्ट आपण सगळे भाषणात सांगतो, पण तिचा हिशेब करत नाही.

१९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक पास झाले. परळच्या चाळीत, गिरण्यांच्या भोंग्यांत राहणाऱ्या अस्पृश्याच्या पोरानं मॅट्रिक होणं ही घटना होती. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या पोराला भेट दिलं. इथवर आपल्या मंडळाच्या कार्यक्रमासारखंच झालं. सभा, अध्यक्ष, बक्षीस. फरक पुढं आहे. केळूसकर सत्कार करून गाडीत बसले नाहीत. पोरगा एल्फिन्स्टन कॉलेजात गेला, इंटर झाला, आणि सुभेदार रामजींचा हात आखडला. तेव्हा तेच केळूसकर पुन्हा उभे राहिले. पोराला घेऊन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढं गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, पोरानं उत्तरं दिली आणि महिन्याला २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली.

त्या काळी मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या साध्या कामगाराचा महिन्याचा पगार याच्या आसपास किंवा याहून कमी होता. म्हणजे सयाजीरावांनी एका पोराच्या शिकण्याला एका कामगाराच्या राबण्याएवढं मोल दिलं. पोरगा शिकतोय म्हणून घरातला एक कमावता हात कमी झाला, तो हात त्यांनी भरून दिला. याला शिष्यवृत्ती म्हणतात. १९१३ साली कोलंबियाला पाठवताना पुन्हा तेच. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी, असा करार. सत्कारात मिळालेलं पुस्तक मोलाचं होतंच, त्यानं बुद्धाची वाट दाखवली. पण त्या पुस्तकाच्या मागून पंचवीस रुपये आले नसते तर? परळच्या गिरणीत एक फार हुशार हजेरी-कारकून मिळाला असता आणि आज आपण कुणाच्या नावानं जयभीम म्हटलं असतं?

आता दुसरी गाठ. चरित्रकारांनी बाबासाहेबांचे मॅट्रिकचे गुण दिलेत. ते पंच्याहत्तर टक्क्यांच्या फार खाली आहेत. ऐका पुन्हा. आज सामाजिक न्याय खात्याच्या खिडकीत बाबासाहेबांचं मॅट्रिकचं गुणपत्रक सरकवलं तर गुणवत्ता शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर होईल. ज्यांनी या देशाची घटना लिहिली ते शाहू महाराजांच्या नावाच्या चाळणीतून खाली पडतील.

शहाणे लोक लगेच म्हणतील, तेव्हा मार्क कमी पडायचे, आता शंभर पडतात. कबूल. तेव्हाचं गुणदान हात राखून होतं. पण एवढ्यानं मुद्दा मरत नाही. मार्क हे पोराचं माप नसून पोराच्या घराचं, शाळेचं, शिकवणीचं माप आहे, हे तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे. या गुणवत्ता शिष्यवृत्तीला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे क्लासची फी भरणाऱ्या साहेबाचा पोरगा ७६ वर बसतो आणि आईबरोबर भांगलणीला जाणारी पोरगी ७४ वर लटकते. साहेबाच्या पोराला तीन हजारांनी काही होत नाही. पोरीचं मात्र एका टक्क्यानं कॉलेज जाऊ शकतं. साहेबाचा पोरगा आपलाच आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण हा पैसा कुणाच्या पायाखाली घातला म्हणजे पूल होतो, हे विचारायला नको?

गुणवत्तेची चाळण कोण विणतं, याची जुनी नोंदही वाचून घ्या. जगन्नाथ शंकरशेठ यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकला मोठ्या मानाची. संस्कृतात पहिला येईल त्याला. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली. पुढं ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. हुशारीबद्दल वाद नाही. पण त्याच मुंबईत, त्याच्या थोडी वर्षं आधी, भीमरावांना हायस्कुलात संस्कृत घेऊ दिलं नाही. अस्पृश्य म्हणून. नाइलाजानं पर्शियन घ्यावं लागलं. आता सांगा, ज्याला पुस्तकालाच हात लावू दिला नाही तो त्या विषयात पहिला कसा येणार? बक्षीस सगळ्यांना खुलं होतं म्हणे. बक्षीस खुलं आणि वर्ग बंद! पुढं त्यांनी आपल्या हिमतीनं संस्कृत शिकून घेतलं. त्यासाठी कुणी शिष्यवृत्ती दिली नाही.

आज वर्ग बंद नाही. आज एसटी वेळेवर नाही, गणिताचा मास्तर नाही, घरात टेबल नाही, बापाला काम नाही. चाळणीची भोकं तीच, नुसता धातू बदललाय.

रिंग फ्रेमवर काम करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. सूत तुटलं की सांधायचं. लगेच. हे सूत सांधायच्या लायकीचं आहे का, असा प्रश्न मुकादम विचारत नाही, कारण तुटलेल्या सुताचा कापूस वाया जातो आणि नुकसान मालकाचं होतं. मालकाला कापसाची जेवढी काळजी आहे तेवढी समाजाला पोरांची असती तरी पुरे झालं असतं. दहावी आणि अकरावीच्या मध्ये सूत तुटतं. तिथं उभं राहून आम्ही टक्के विचारतो.

आता ज्यांच्या नावानं ही शिष्यवृत्ती आहे त्यांच्याकडं येऊ. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. म्हणजे आमच्या गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावरचे. २६ जुलै १९०२ चा त्यांचा जाहीरनामा आपल्याला पाठ आहे, निम्म्या जागा मागासलेल्यांना. पण त्या हुकुमात कारण काय दिलंय ते आपण सांगत नाही. शिक्षणाला उत्तेजन देऊनही मागासलेले वर्ग पुढं का येत नाहीत, याचा विचार करून महाराजांनी म्हटलं की उच्च शिक्षणाची फळं पुरेशी सगळीकडं वाटली जात नाहीत. म्हणून जागा राखा. म्हणजे शाबासकी देऊन माणूस शिकत नाही, शिकण्याच्या पुढं भाकर दिसली तर शिकतो. हे त्या राजाला एकशेवीस वर्षांपूर्वी कळलं होतं.

आणि त्यांनी बांधलं काय? वसतिगृहं. १९०८ साली अस्पृश्यांच्या पोरांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सगळ्यांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम. यात टक्के कुठं आहेत? पोराला छप्पर द्या, जेवण द्या, वर्गात बसवा आणि शिकल्यावर नोकरी द्या. १९२० च्या मार्चमध्ये इथून लांब नसलेल्या माणगावात परिषदेत उभं राहून त्यांनी आंबेडकरांना तुमचा पुढारी म्हणून पुढं केलं, ते गुणपत्रक बघून केलं नाही. त्याच वर्षी 'मूकनायक'ला अडीच हजारांची मदत केली. १९२० सालचे अडीच हजार! आणि आज त्यांच्या नावानं वर्षाला तीन हजार. नाव महाराजांचं आणि हात कुणाचा?

बाबासाहेबांनीही तेच केलं. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आजची भारत सरकारची शिष्यवृत्ती ती हीच. तिला टक्क्यांची चाळण नाही. पास व्हा, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असू द्या, पुढं शिका. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, का तर नोकरी करणाऱ्या पोरांना कॉलेज सांभाळून पोट भरता यावं. कॉलेजचं घड्याळ कामगाराच्या घड्याळाला जुळवलं. याला म्हणतात गाठ घट्ट बांधणं.

त्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची आजची गत? केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणं घरून ये-जा करणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला वर्षाला २,५०० रुपये निर्वाहभत्ता. वसतिगृहातल्याला ४,०००. त्याआधी कित्येक वर्षं केंद्र आणि राज्य एकमेकांकडं बोट दाखवत होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं साठ टक्के आपले, चाळीस राज्याचे असं ठरवलं. हिस्सा ठरला, पण पोराच्या खात्यावर पैसा कधी पडतो ते पोरालाच विचारा. अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये अडकतो, तिथून समाजकल्याणच्या लॉगिनमध्ये अडकतो, आधार बँकेला जोडलं नाही म्हणून परत येतो. दरम्यान फी मागणारा माणूस अडकत नाही.

टक्के न विचारता देणं सरकारला जमत नाही असं नाही. गावाकडच्या पोरींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. कंडक्टर मार्कशीट मागत नाही. पोरगी शाळेला चाललीय एवढं पुरतं. या एका पासानं जेवढ्या पोरी तालुक्याच्या कॉलेजपर्यंत पोचतात, तेवढ्या कुठल्या गुणगौरवानं पोचल्यात?

मग गुणवत्तेला काही किंमतच नाही का, असं विचारणारे आपल्यातही आहेत. आहे किंमत. म्हणूनच ती दहा रुपये रोजानं विकू नका. हुशार पोरीला जास्त द्या, पुस्तकं द्या, पुढं परदेशी पाठवा. पण आधी सगळ्यांच्या पायाखाली जमीन द्या, मग कुणाची उडी किती ते मोजा. खड्ड्यात उभ्या असलेल्यांची उडी मोजून पहिला-दुसरा नंबर काढायचा हा खेळ त्यांचा आहे. आपण कशाला खेळायचा?

आता आपल्या कार्यकर्त्यांना चार गोष्टी. ज्यांना झोंबतील त्यांना झोंबू द्या.

एक. दहावीचा सत्कार बंद करा. बारावीच्या परीक्षेला बसला त्या पोराचा सत्कार करा. मग टक्के कितीही असोत. दोन वर्षं कॉलेजात टिकणं हाच आपल्या वस्तीतला पराक्रम आहे. मंडप, फलक, ट्रॉफी यांचा पैसा त्या दोन वर्षांत घाला. पासाला, फीला, वह्यांना.

दोन. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. दहावीला बसलेल्या सगळ्यांची नावं तिच्यात लिहा. नापास झाले त्यांची आधी. दिवाळीला वही उघडून घरोघर जा. होळीला पुन्हा जा. कोण गळालं, कशानं गळालं, ते लिहा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीचा अर्ज, बँकेचं खातं ही कामं भाषणापेक्षा रटाळ आहेत. केळूसकर गुरुजींनी केलं ते असलंच रटाळ काम होतं. एका पोराला सोबत घेऊन एका दारापर्यंत जाणं.

तीन. सरकारकडं भीक नको, हिशेब मागा. किमान वेतनाच्या कामगाराला महागाईच्या आकड्याप्रमाणं दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता बदलून मिळतो. तोही सुखासुखी मिळाला नाही, कामगार चळवळीनं घेतला. मग शिष्यवृत्तीचा दर त्याच आकड्याला का जोडायचा नाही? तेल आमच्यासाठी महागतं आणि विद्यार्थ्यासाठी महागत नाही काय? दर महागाईला जोडा. दहा महिने नको, बारा करा. पंच्याहत्तरची अट काढा, गरजेची अट घाला. पैसा फी भरायच्या आधी खात्यावर आला पाहिजे, पोरगा गळाल्यावर नको.

चार. आमच्या पंचतारांकितवाल्यांना विचारा. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे आहेत. दप्तरं वाटून फोटो काढण्यात ते संपतात. दप्तर नको, पाळी द्या. जो पोरगा कॉलेज करतोय त्याला कॉलेजच्या वेळा सोडून काम द्या, पूर्ण दाम द्या. आता कित्येक ठिकाणी 'कमवा आणि शिका'च्या पाटीखाली पोरांना आठ तास राबवतात आणि शिकणं पाटीवरच राहतं. कर्मवीर भाऊराव पाटलांचा शब्द आहे तो. स्वस्त मजुरांच्या भरतीची जाहिरात म्हणून त्यांनी तो दिला नव्हता.

दोस्तांनो, आमच्या रिंग खात्यात माझ्या शेजारच्या फ्रेमवर एक पोरगा आहे. दहावीला ७९ होते. चाळणीच्या वर राहिलेला. शिष्यवृत्ती मंजूर झाली होती त्याची. मी विचारलं, "मग सोडलंस का?" तो म्हणाला, "पैसं आलं तवर मी हितं लागून चार म्हयनं झालं हुतं."

म्हणजे जो वर राहिला तोही इथं आणि जो खाली पडला तोही इथं. मग ही चाळण कुणासाठी धरलीय?

यंदा वस्तीत सत्काराची वर्गणी मागायला कुणी आलं तर द्या. पण पावतीवर लिहून घ्या, पोरगा बारावीला बसेपर्यंत हा पैसा कुठल्या महिन्यात कुठं जाणार. लिहून देणार नसतील तर वर्गणी परत घ्या आणि थेट पोराच्या पासाला भरा.

जयभीम.